ईस्टरच्या अंड्यांचे खेळ : उगम आणि पुरावा

आमच्या शाळेत दर पंधरवड्याला एक भित्तिपत्रक लागते. काही वर्षांपूर्वी ईस्टर जवळ आला असता त्या सणाविषयी पाच-सहा ओळींचे एक टिपण मी त्यात लिहून दिले. बेळगावच्या कॅम्प भागातून येणारी काही ख्रिस्ती मुले शाळेत आहेत. त्यांच्या सणाची ओळख इतरांस व्हावी, एवढाच हेतू होता. प्राचीन जर्मन लोकांची इओस्त्रे नावाची एक वसंतदेवता होती, ससा हे तिचे वाहन, अंडे हे तिचे चिन्ह, आणि ख्रिस्ती धर्माने पुढे तो उत्सव आपलासा केला, असा त्या टिपणाचा मथितार्थ होता. मधल्या सुट्टीत नववीतील एक मुलगी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, हे त्या काळच्या कुणी लिहून ठेवलंय का?" एवढेच तिने विचारले. त्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. आदल्याच तासाला मी तिच्या वर्गात बखर आणि अस्सल कागद यांतील भेद शिकवला होता, आणि तोच मापदंड तिने माझ्या टिपणाला लावला होता. "पाहून सांगतो," असे मी म्हणालो. पाहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, माझे टिपण ही निव्वळ बखर होती, आणि तीही अलीकडची.

त्या देवतेचा जुना लिखित उल्लेख एकच आहे. बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने (आपल्या मराठवाड्यातील बीडशी नाव जुळते एवढेच) इ. स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवर एक लॅटिन ग्रंथ रचला. त्यात जुन्या इंग्रजी महिन्यांची नावे सांगताना, एप्रिलच्या जागी येणाऱ्या महिन्यास इओस्त्रे या देवतेवरून नाव पडले होते व त्या महिन्यात तिचे उत्सव होत, असे तो म्हणतो. अंड्याचा किंवा सशाचा उल्लेख तेथे नाही. त्यानंतर अकराशे वर्षांनी, १८३५ मध्ये, याकोप ग्रिम या जर्मन पंडिताने आपल्या पुराणकथाविषयक ग्रंथात या देवतेचे ओस्टारा हे जर्मन रूप असले पाहिजे असा तर्क केला. ससा तिला जोडला गेला तो त्याच शतकातील पुढच्या लेखकांच्या लेखणीतून. एकाने तर्क करावा, दुसऱ्याने तो संभव म्हणून उतरवावा आणि तिसऱ्याने तेच वृत्त म्हणून छापावे, हा क्रम आपल्याकडील स्थलपुराणांच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. १९५८ मध्ये ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात मोर्केन-हार्फ या गावाजवळ दीडशेहून अधिक कोरीव शिला सापडल्या. त्यांवर याच धातूपासून साधलेल्या नावाच्या मातृदेवतांस केलेले नवस नोंदलेले आहेत. तेव्हा बीडने देवता कल्पनेने निर्मिली असे म्हणण्याचे कारण नाही. देवता असेल, परंतु तिच्या हाती अंडे आपण दिले आहे.

नावावरूनही हाच निष्कर्ष निघतो. 'ईस्टर' आणि जर्मन 'ओस्टर्न' ही नावे युरोपच्या एका कोपऱ्यातील आहेत. ग्रीक, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या साऱ्या भाषांत या सणाचे नाव हिब्रू 'पेसाह'वरून आलेल्या 'पास्का' या शब्दाचेच रूप आहे. गोव्यातील ख्रिस्ती समाजही 'पास्कांचें फेस्त' असेच म्हणतो. आता रंगीत अंड्यांचे खेळ जर इओस्त्रे देवीचा वारसा असते, तर ते तिच्या नावाच्या मुलखात दाट व इतरत्र विरळ असावयास हवे होते. वस्तुस्थिती तशी नाही. ग्रीस, रशिया, आर्मेनिया, इराक या देशांत ते तितकेच मुरलेले आहेत, आणि तेथे त्या देवीचे नाव कोणाच्या कानावरूनही गेले नव्हते.

मग अंडे आले कोठून? माझ्या मते स्वयंपाकघरातून. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. गोव्यातील वाचकांस त्याची सीमा चांगली ठाऊक आहे. इंत्रुजची धामधूम संपली की राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. मध्ययुगात हा उपवास फार कडक असे. मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडी हीही वर्ज्य होती. पूर्वेकडील चर्चमध्ये ती अद्याप वर्ज्य आहेत. इंग्लंडात उपवासाच्या आदल्या मंगळवारी पॅनकेक करण्याची जी चाल आहे, तिचे मूळ घरातली अंडी व लोणी संपवून टाकण्यातच आहे. पण कोंबड्यांना उपवास कोण सांगणार? थंड देशांत हिवाळ्याचे दिवस लहान असल्याने कोंबड्या अंडी देणे जवळजवळ थांबवतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उजेड वाढू लागला की पुन्हा जोमाने घालू लागतात. म्हणजे ज्या आठवड्यांत अंडी खाण्यास बंदी, नेमक्या त्याच आठवड्यांत ती उदंड. ती साठत जात, काही उकडून ठेवली जात, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी उपवास सुटताच घराघरांत अंड्यांची रास पडलेली असे. ज्या मुलाने चाळीस दिवस अंड्याची चव घेतली नाही, त्याला त्या सकाळी मिळालेले अंडे काय वाटत असेल, हे श्रावण पाळणाऱ्या घरातील मुलास समजावून सांगावे लागणार नाही.

या राशीची कागदोपत्री नोंदही आहे. मध्ययुगीन जहागिरींत कुळांनी धन्यास ईस्टरला अंडी द्यावयाची असा रिवाज होता. जर्मन मुलखातही अंड्यांच्या रूपाने भरावयाच्या खंडाची मुदत याच सुमारास येई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या घरखर्चाच्या हिशेबात १२९० साली ४५० अंड्यांबद्दल १८ पेन्स खर्ची पडले आहेत. ही अंडी रंगवून वा सोन्याचा वर्ख लावून राजपरिवारात वाटावयाची होती. पेनीला पंचवीस अंडी हा भाव स्वस्ताईचा वाटतो, पण मला त्या नोंदीत महत्त्वाची वाटते ती तिची कोरडी वृत्ती. कारकुनाने ईस्टरच्या अंड्यांचा अर्थ सांगितला नाही, देवतेचे नाव घेतले नाही. किती आणली आणि किती दिले एवढेच लिहिले. असल्या नोंदीपुढे शंभर पानांची सुरस कथा फिकी पडते. पुढे १६१४ मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथात ईस्टरच्या अंड्यांवर आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही समाविष्ट आहे. रंग द्यावयाचा तो बहुधा घरातल्याच वस्तूंनी. कांद्याच्या साली घालून उकडलेले अंडे सुरेख तांबूस-तपकिरी होते, हे आजही कोणीही करून पाहावे.

खेळांपैकी सर्वांत साधा व बहुधा सर्वांत दूरवर पसरलेला खेळ म्हणजे अंड्यावर अंडे आपटणे. त्याचे एक उत्तम वर्णन टॉमस हाइड या ऑक्सफर्डच्या पंडिताने १६९४ साली प्रसिद्ध केलेल्या पौर्वात्य खेळांवरील लॅटिन ग्रंथात आहे. हा हाइड तेथील बोडली ग्रंथालयाचा ग्रंथपाल. याच ग्रंथात त्याने बुद्धिबळाचे मूळ हिंदुस्थानात असल्याचे प्रतिपादन केले, म्हणून आपल्याकडे त्याचे नाव अधूनमधून निघते. अंड्यांचा भाग मात्र कोणी वाचत नाही. तो सांगतो की मेसोपोटेमियातील ख्रिस्ती मुले ईस्टरपासून चाळीस दिवस जमतील तेवढी अंडी विकत घेतात व ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून ती तांबडी रंगवतात. कोणी हिरवी-पिवळीही करतात. मग एकाच्या अंड्यावर दुसऱ्याने अंडे मारावयाचे. ज्याचे फुटेल त्याने ते मारणाऱ्यास द्यावयाचे. जिंकलेल्या अंड्यापुढे लगेच तिसरे येते, आणि शेवटी जे टिकेल ते बाकीची सर्व घेऊन जाते.

हे वर्णन वाचताना मला मालवणच्या बंदराची आठवण झाली. माझे बालपण त्या भागात गेले. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावर तेथे नारळ लढवतात. एकाने नारळ हातात घट्ट धरावयाचा, दुसऱ्याने आपला त्यावर मारावयाचा. फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. कोणता नारळ कठीण हे कवटीवर बोटाने वाजवून ओळखणारे जाणते तेथे असतात. ग्रीसमध्ये ईस्टरच्या मध्यरात्री तांबडी अंडी एकमेकांवर आपटताना एकाने "ख्रिस्त उठला आहे" म्हणावयाचे आणि दुसऱ्याने "खरोखर उठला आहे" असे उत्तर द्यावयाचे, अशी रीत आहे. आणि आसामात रंगाली बिहूच्या वेळी 'कोणी-जुज' म्हणजे अंड्यांची झुंज लावतात. तिचा ईस्टरशी काही संबंध नाही. सुगीच्या वा ऋतूच्या तोंडावर एखादी कठीण कवचाची, मुठीत मावणारी आणि शेवटी खाता येणारी वस्तू विपुल झाली की मुले ती एकमेकांवर आपटून पाहणारच. धर्म त्या आपटण्याला शब्द देतो, रंग देतो, तिथी देतो; खेळ आपल्या पायांवर उभा असतो.

दुसरा खेळ अंडी गडगडत सोडण्याचा. उत्तर इंग्लंडात ईस्टरच्या अंड्यांस 'पेस एग' म्हणतात. यातील 'पेस' म्हणजे पुन्हा 'पास्का'च. लँकाशरमधील प्रेस्टन शहरी एव्हनहॅम पार्क नावाची उतरती बाग आहे. तेथे एकोणिसाव्या शतकापासून ईस्टरच्या सोमवारी मुले उकडलेली रंगीत अंडी उतारावरून सोडतात. त्याच परिसरात रिकामी टरफले चुरडून टाकावीत, नाहीतर चेटकिणी त्यांच्या नावा करून समुद्रात जातात, अशी समजूत होती. कवी वर्ड्‌स्वर्थच्या कुटुंबातील मुलांसाठी नक्षी काढलेली अशी अंडी ग्रासमिअरच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. पूर्व जर्मनीत बाउत्सेन येथील टेकडीवरूनही अंडी सोडण्याची जुनी चाल आहे. अंडे गडगडणे म्हणजे ख्रिस्ताच्या कबरीवरील धोंड बाजूस सरकणे, असा अर्थ प्रवचनांतून सांगतात. अर्थ सुंदर आहे. तो आधी होता की उतार आधी होता, याविषयी माझा कल उताराकडे आहे.

या खेळाची सर्वांत बोधप्रद कथा वॉशिंग्टनची. तेथील संसदभवनाच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, हिरवळीचे उतार गडगडण्यास सोयीचे. १८७० च्या दशकात ईस्टरच्या सोमवारी शहरातील मुले तेथे लोटत. हिरवळ तुडवली जाई, टरफले पडत. तेव्हा १८७६ साली काँग्रेसने हिरवळीच्या रक्षणार्थ कायदाच केला आणि त्या मैदानाचा क्रीडांगण म्हणून उपयोग करण्यास मनाई झाली. पुढच्या वर्षी सोमवारी पाऊस पडला, त्यामुळे कायद्याची परीक्षा झाली नाही. १८७८ मध्ये मुले आली, त्यांना कॅपिटॉलवरून हुसकण्यात आले, आणि राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी त्यांच्यासाठी व्हाइट हाउसचे आवार मोकळे केले. एका राष्ट्राच्या विधिमंडळाने मुलांच्या अंड्यांविरुद्ध कायदा करावा, याचे हसू येते. पण शाळेच्या मैदानावर 'हिरवळीवर पाय देऊ नये' ही पाटी ज्याने एकदा तरी लावली आहे, त्याने फार मोठ्याने हसू नये. मी लावली आहे. त्या वर्षापासून तो सोहळा व्हाइट हाउसचा झाला. महायुद्धांत तो बंद पडला. दुसऱ्या युद्धानंतर आधी अन्नाची टंचाई व मग वाड्याची दुरुस्ती यांमुळे लांबला आणि १९५३ साली आयझेनहॉवर यांनी बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू केला. २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे पुन्हा खंड पडला. १९७४ मध्ये चमच्याने अंडे ढकलण्याची शर्यत आली, ती आपल्या लिंबू-चमच्याची बहीण शोभावी. १९८१ पासून आठवण म्हणून लाकडी अंडी आली. जे फुटत नाही आणि खाताही येत नाही, ते अंडे मुलाने घरी नेऊन कपाटात ठेवावयाचे.

आता लपवलेल्या अंड्यांच्या शोधाकडे वळू. कारण ईस्टर म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हाच खेळ येतो, आणि माझ्या टिपणातील ससाही येथलाच. हायडेलबर्गचा वैद्य गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ याने १६८२ मध्ये ईस्टरच्या अंड्यांवर एक लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. विषय वैद्यकीय, या दिवसांत अति अंडी खाल्ल्याने पोटास काय होते ते त्यात आहे. पण ओघात तो सांगून जातो की, अल्सास व आसपासच्या मुलखात या अंड्यांस सशाची अंडी म्हणतात. ससा ती बागेत, गवतात आणि झुडपांत लपवून ठेवतो अशी कथा मुलांना सांगतात. मुले ती हुडकतात आणि मोठी माणसे हसत पाहत राहतात. ईस्टरच्या सशाचे हे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन मानले जाते. हा रोगी तपासणारा वैद्य आहे, पुराण रचणारा नव्हे. आणि लोक हे मुलांना रमवण्यासाठी सांगतात, हे तो त्या वेळीच मोकळेपणाने नमूद करतो.

शिवाय ससा एकटा नव्हता. वेस्टफालियात हेच काम कोल्हा करी, स्वित्झर्लंडच्या काही भागांत कोकीळ करी. फ्रान्समध्ये तर प्राण्याचीही गरज पडली नाही. पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंत चर्चच्या घंटा वाजत नाहीत. त्या रोमला गेल्या आहेत असे मुलांना सांगतात, आणि परत येताना त्या अंडी टाकत येतात. एखाद्या देवीचे वाहन म्हणून ससा आला असता, तर त्याची जागा घंटेने इतक्या सहज घेतली नसती. आईबापांना हवा होता तो आपण लपवलेल्या अंड्याचा भार उचलणारा कोणीतरी. ज्या गावी जो सोयीचा, तो त्यांनी घेतला. सशाची निवड का झाली यावर एक तर्क मला आवडतो. युरोपातील रानससा बिळात राहत नाही, मोकळ्या रानात जमिनीवर खळगा करून बसतो. आणि टिटवीही त्याच रानात जमिनीवरच अंडी घालते. सशाला उठवून पळवले आणि जवळच अंडी सापडली, तर शेतकऱ्याच्या मुलाने काय समजावे?

प्रॉटेस्टंट घरांत उपवासाचा कडकपणा गेला, पुरोहिताने अंड्यांवर आशीर्वाद देणेही गेले. पण मुलांचे अंडे काढून घेणे कोणास जमले नाही. ज्या मुलखात चर्चमधून येणारे अंडे थांबले तेथे ते बागेतून येऊ लागले, असे अनुमान काही अभ्यासक करतात. अठराव्या शतकात जर्मन स्थलांतरितांबरोबर हा ससा पेनसिल्व्हेनियात गेला. इंग्लंडच्या राजघराण्यातही तो जर्मन आईबरोबरच आला. व्हिक्टोरिया तेरा वर्षांची असताना, १८३३ च्या ईस्टरला, तिच्या आईने रंगवलेली अंडी लपवली आणि मुलींनी ती शोधली, अशी नोंद तिच्या रोजनिशीत आहे. पुढे राणी झाल्यावर तिने व आल्बर्टने आपल्या मुलांसाठी हेच केले. रोजनिशी, घरखर्चाचा हिशेब, वैद्याचा प्रबंध, ग्रंथपालाचा ग्रंथ: हे आपले अस्सल कागद.

आधुनिक काळाविषयी थोडक्यात. १८७३ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने व १८७५ मध्ये कॅडबरीने चॉकलेटची पोकळ अंडी काढली, आणि अंड्याचा उपवासाशी असलेला धागा तुटला. चॉकलेटला मोसम नसतो. गोव्यातील बेकऱ्यांत ईस्टरला मार्झिपानची नक्षीदार अंडी मिळतात, तीही खाण्याची व भेट देण्याची. बागेत लपवण्याची रीत त्यांच्याबरोबर आलेली नाही. अमेरिकेत फ्लॉरिडातील विंटर हेवन येथे २००७ साली ९,७५३ मुलांसाठी ५,०१,००० अंडी पसरली होती, आणि तो विक्रम नोंदला गेला. म्हणजे मुलामागे एक्कावन्न. एडवर्ड राजाच्या ४५० अंड्यांत साऱ्या राजपरिवाराचे भागत होते. एक्कावन्न अंडी वेचणाऱ्या मुलाला त्यांतले एकही आठवणीत राहत असेल असे मला वाटत नाही. पण हे पन्नाशीतल्या शिक्षकाचे मत आहे, मुलांस विचारून पाहिलेले नाही. संगणकाच्या खेळांतील गुप्त गमतींसही आता 'ईस्टर एग' म्हणतात. अटारी कंपनीच्या 'ॲडव्हेंचर' या खेळाचा कर्ता वॉरन रॉबिनेट याने, कंपनी कर्त्यांची नावे छापत नसे म्हणून, खेळातील एका छुप्या खोलीत आपले नाव लपवून ठेवले. तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने ते शोधून काढले. येथे अंडे नाही, ससा नाही, सण नाही. तरीही मोठ्याने लपवावे आणि लहानाने शोधावे, एवढे मात्र अल्सासमधल्या बागेसारखेच राहिले आहे.

भित्तिपत्रकातील माझे टिपण मी काढून घेतले. पुढच्या ईस्टरला नवे लावले. त्यात देवता नव्हती. उपवास, कोंबड्या, १२९० चा हिशेब आणि १६८२ चा वैद्य एवढ्या गोष्टी होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती कोणी लिहून ठेवली ते दिले होते. ती मुलगी तेव्हा दहावीच्या परीक्षेत गुंतली होती. परीक्षा संपल्यावर दाखला नेण्यास आली, तेव्हा जाताना भित्तिपत्रकापाशी थांबली, सारे वाचले, आणि परत येऊन म्हणाली, "सर, टिटवीचं कुणी लिहिलंय ते राहिलं."